एकाच दुकानाची तीन चित्रे

तालुक्याच्या गावातले हार्डवेअरचे एखादे मध्यम दुकान घ्या. आज दुकानात किती रुपयांचा माल आहे, या साध्या प्रश्नाची तिथे बहुधा तीन उत्तरे असतात. बँकेला दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट जाते त्यात माल भरपूर दिसतो, कारण कॅश क्रेडिट खात्यातून किती उचल मिळणार हे त्यावर ठरते. विम्याच्या प्रस्तावात तोच माल निम्म्यावर येतो, कारण हप्ता कमी बसला पाहिजे. जीएसटीच्या विवरणपत्रांवरून हिशेब मांडला तर तिसराच आकडा निघतो, कारण थोडी खरेदी बिनबिलाची आणि थोडी विक्री कच्च्या पावतीवर झालेली असते. धंदा सुरळीत चालू असतो तोवर हे तीन कागद तीन कार्यालयांत पडून राहतात आणि कुणाचे काही अडत नाही. ते एका टेबलावर येतात ते आग लागल्यावर, पूर आल्यावर, मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवल्यावर किंवा भागीदाराने वेगळे व्हायचे म्हटल्यावर. नेमक्या त्याच वेळी दुकानदाराला आपल्या बाजूने बोलणारा कागद हवा असतो, आणि त्याच्याजवळचा प्रत्येक कागद दुसऱ्याला खोटे पाडत असतो.

छोट्या व्यावसायिकाच्या संरक्षणाची चर्चा आपल्याकडे सहसा कर्ज, अनुदान आणि ओळखीपाळखी यांच्यापाशी थांबते. ‘वेळ आली तर अमुक भाऊंना सांगू’ हा आधार अनेकांना पुरेसा वाटतो. हिशेब, करार, नोंदी या गोष्टी मात्र सरकारसाठी सहन करायचा जाच मानल्या जातात. त्या सीएकडे सोपवायच्या आणि विसरून जायचे. ही समजूत छोट्या व्यावसायिकाला फार महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या रोज लिहिलेली, बँकेला, विमा कंपनीला, कर खात्याला आणि भागीदाराला एकसारखीच दाखवता येईल अशी नोंद हे त्याला परवडणारे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, चार वर्षे खटला लढवण्याची ऐपत असते. लहान माणसाकडे यातले काहीच नसते, म्हणून त्याला कागदाची गरज मोठ्या कंपनीपेक्षा जास्त आहे.

चिपळूणचे उदाहरण या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतला माल, फर्निचर, यंत्रे यांच्याबरोबर हिशेबाच्या वह्याही पाण्यात गेल्या. अशा पुरानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो चिखलाकडे पाहून रक्कम ठरवत नाही. तो खरेदीची बिले मागतो, विक्रीची नोंद मागतो, आधीच्या वर्षाचा ताळेबंद मागतो, बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट मागतो आणि या सगळ्यांतून पुराच्या आदल्या दिवशी दुकानात किती माल असायला हवा होता हे काढतो. इथे पक्क्या बिलाची किंमत कळते. ज्या मालाचे बिल पुरवठादाराने रीतसर जीएसटीत दाखवलेले असते, त्याची नोंद दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी विवरणात आपोआप आलेली असते. वही वाहून गेली तरी ती नोंद सरकारी पोर्टलवर शाबूत राहते. बिनबिलाचा माल मात्र पाण्याबरोबर दोनदा जातो. एकदा दुकानातून आणि दुसऱ्यांदा दाव्यातून, कारण तो कधी होता हे दाखवणारे जगात काहीच उरत नाही.

विम्याची रक्कम कमी दाखवून हप्त्याचे चार पैसे वाचवणाऱ्याचे काय होते, हेही आकड्यांत पाहावे. दुकानात ४० लाखांचा माल आहे, विमा २० लाखांचा उतरवला आहे आणि पुरात १६ लाखांचे नुकसान झाले. सर्वसामान्य दुकानदाराची समजूत अशी की नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कमी आहे, तेव्हा १६ लाख पूर्ण मिळतील. पण मालमत्तेच्या विम्यात सरासरीचे कलम असते. निम्म्याच मालाचा विमा उतरवला, तर नुकसानीचेही निम्मेच, म्हणजे ८ लाख मिळतात. उरलेली निम्मी जोखीम तुम्ही स्वतःच्याच अंगावर घेतली होती, असे ते गणित आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आणली. तीत पुराचे संरक्षण आहे आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती माफही होते. निम्मी रक्कम दाखवणाऱ्याला मात्र या सवलतीचा उपयोग नाही. आणि त्याच दुकानदाराने बँकेला ४५ लाखांचे स्टेटमेंट दिले असेल, तर माल खरोखर किती होता यावर वाद घालायला सर्व्हेअरला आयते कारण मिळते.

दुसरे उदाहरण कारखानदारीतले. चाकण, भोसरी, अंबड, वाळूज इथे मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप आहेत. अशा वर्कशॉपमधून टेम्पो निघतो तेव्हा चालकाच्या हातात डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती असतात. त्यावर परचेस ऑर्डरचा क्रमांक, भागाचा क्रमांक, नगांची संख्या आणि गाडीचा नंबर असतो. कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक आवक क्रमांक टाकतो, शिक्का मारतो, एक प्रत चालकाला परत देतो. ती प्रत अनेकदा टेम्पोच्या डॅशबोर्डवर, पाण्याच्या बाटलीखाली आणि टोलच्या पावत्यांत पडून राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत जाते. चार महिन्यांनी कारखान्याकडून डेबिट नोट येते की ५०० पैकी ८० नग नापास झाले, तेवढी रक्कम बिलातून कापली आहे. वर्कशॉपवाला हळहळतो, फोन करतो आणि गप्प बसतो. त्याच्या हातात किती मोठे हत्यार होते याची त्याला कल्पनाच नसते.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे मानले जाते. स्वीकारल्यापासून, करार नसेल तर १५ दिवसांत आणि लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे द्यावेच लागतात. ६० किंवा ९० दिवसांची मुदत करारात लिहून घेतली तरी कायद्यापुढे ती टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. इतका कडक कायदा छोट्याच्या बाजूने उभा आहे. पण त्यातला प्रत्येक दिवस मोजायचा तो फाटकावरच्या शिक्क्याच्या तारखेपासून. शिक्क्याची प्रत हरवली की १५ दिवस कुठून मोजायचे आणि ४५ दिवस कुठून, हे सिद्ध करणे कठीण होऊन बसते. चालकाने परत आल्यावर त्या प्रतीचा मोबाइलवर फोटो काढून ऑफिसच्या क्रमांकावर पाठवायचा, एवढ्या शिस्तीवर हा सारा कायदा उभा राहतो किंवा कोसळतो.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे आणि ती पोकळ नाही. कायद्याचे नाव काढले तर गिऱ्हाईक जाईल, आज थकलेले दोन लाख मागायला गेलो तर पुढच्या वर्षीचे वीस लाखांचे काम बंद होईल. वर्कशॉपचे निम्म्याहून अधिक काम एकाच कंपनीचे असेल, तर ही भीती खरीच आहे. शिवाय थकलेल्या पैशांसाठी याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे तक्रार केली तरी निकाल कायद्यात लिहिलेल्या ९० दिवसांत क्वचितच लागतो. पण नोंद ठेवणे म्हणजे भांडायला उभे राहणे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. कागदाचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो तक्रारीच्या कितीतरी आधी, समोरच्या कंपनीच्या लेखा विभागातल्या माणसाच्या टेबलावर. त्याला आपल्या वरिष्ठांना सांगायला कारण लागते, आणि आज अशी कारणे भरपूर आहेत. आयकर कायद्यातल्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. जीएसटीत बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. ४५ दिवसांवरची थकबाकी कंपन्यांना दर सहा महिन्यांनी कंपनी मंत्रालयाला कळवावी लागते. म्हणजे पैसे थकवण्याची किंमत आता समोरच्यालाही मोजावी लागते. फक्त आपण कोणत्या गटात मोडतो हे त्याला कागदावर दिसले पाहिजे. बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक ठळक छापणे आणि तिसाव्या दिवशी नम्र शब्दांत बाकीचा ईमेल पाठवणे याने कोणतेही गिऱ्हाईक तुटत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आयकराची ती तरतूद आली तेव्हा काही खरेदीदारांनी नोंदणीकृत लघु उद्योगांकडून माल घेणेच टाळले, काहींनी पुरवठादारांना नोंदणी रद्द करायला सुचवले. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीच्या या तरतुदी त्याच्यासाठी नाहीत. आणि नोंदणी पैसे बुडाल्यावर करून भागत नाही. नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या पुरवठ्याला मिळत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात घेतली. हा प्रश्न पुढे मोठ्या पीठाकडे सोपवला गेला असला तरी शहाण्याने त्या पीठाच्या निकालावर अवलंबून राहू नये. सरकारी पोर्टलवर नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी बनवलेली संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

दुसरी हरकत विश्वासाची. आमचा धंदा शब्दावर चालतो, लिहून मागितले तर समोरच्याला अपमान वाटतो, असे सांगितले जाते. पण आपल्या जुन्या पेढ्यांचा व्यवहार पाहिला तर हे खरे वाटत नाही. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करणारा समाज लिहिण्याला कमी लेखत नव्हता. कीर्द रोज लिहिली जाई, रोजमेळ जुळल्याशिवाय मुनीम घरी जात नसे, आणि हुंडीवर शेकडो मैलांवर पैसे मिळत ते दोन्ही गावच्या वह्या एकमेकींशी जुळत म्हणून. त्या पेढ्यांचा विश्वास लिहिण्यातूनच उभा राहिला होता. शब्दावरचा व्यवहार दोन माणसे जिवंत आणि एकमेकांशी बोलत असेपर्यंतच टिकतो. पुढची पिढी गादीवर बसली की तोच शब्द दोघांना दोन तऱ्हांनी आठवतो. उधारी वसुलीसाठी मुदतीच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षे दिली आहेत. त्या काळात देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली, तर सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक खातेदाराला बाकीचे पत्र पाठवून त्यावर सही घेण्याची जुन्या व्यापाऱ्यांची पद्धत मोलाची होती. सर्वांनाच पत्र जात असल्यामुळे कुणाला अपमान वाटत नसे, ही त्यातली खरी खुबी. आपली वही एकटी पुरेशी नसते, हेही लक्षात असावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार नियमितपणे ठेवलेली हिशेबाची वही, संगणकावरची असली तरी, पुरावा म्हणून ग्राह्य आहे, पण केवळ तिच्या आधारे कुणावर देणे लादता येत नाही. समोरच्याची सही, शिक्का किंवा निदान ‘माल मिळाला’ असा त्याचा मेसेज जोडीला लागतो.

भागीदारीबद्दल थोडक्यात. मित्रामित्रांनी किंवा भावाभावांनी सुरू केलेल्या कितीतरी भागीदाऱ्या नोंदणीविना चालतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या भागीदारीला कराराचे पैसे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, मात्र तिच्यावर कुणीही दावा लावू शकतो. भागीदारांपैकी एकाने केलेल्या देण्याला बाकीचे सगळे आपापल्या घरादारानिशी जबाबदार असतात. आणि सह्या केलेले कोरे चेक ‘तारण म्हणून’ देण्याची जी सवय आहे, ती तर ताबडतोब सोडावी. सही आपली आहे हे मान्य केले की चेक देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते, मग बाकीचा मजकूर दुसऱ्याने का भरलेला असेना. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. चेक द्यायचाच असेल तर तो कशासाठी, किती रकमेपुरता आणि कधी परत मिळणार हे लिहिलेले पत्र घ्यावे.

आतापर्यंत पैसे कसे मिळवायचे, याबद्दल बोललो. पण नोंदीचे संरक्षण तितकेच लागते ते आपल्यावर बोट दाखवले जाते तेव्हा. चिवडा, लाडू, मसाले, लोणची बनवणाऱ्या घरगुती उद्योगाचा विचार करा. एका पाकिटाबद्दल तक्रार आली तर त्याच्यावर बॅच क्रमांक असेल आणि त्या बॅचला कोणत्या दुकानाचे तेल, कोणत्या दिवशीचे शेंगदाणे वापरले हे वहीत असेल, तर तेवढी बॅच परत मागवता येते. तसे नसेल तर बाजारात गेलेला सगळा माल संशयित ठरतो. अन्नसुरक्षा कायद्यात, पुरेशी काळजी घेतली होती असे दाखवू शकणाऱ्याला बचावाची संधी दिलेली आहे. आणि विक्रेत्याला दिलेले बिल हीच मालाच्या दर्जाची लेखी हमी मानली जाते. म्हणजे बिल घेऊन तेल विकत घेणारी बाई आपल्या हातात पुरवठादाराची हमी घेऊन बाहेर पडते. पाच-पन्नास रुपये वाचवण्यासाठी बिल नाकारणारी तीच हमी दुकानात सोडून येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हाच मुद्दा सगळ्या वस्तूंना लागू केला आहे. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली आणि उत्पादक कोण हे कळू शकत नसेल, तर विकणारा दुकानदार उत्पादकाच्या जागी उभा केला जाऊ शकतो. चार्जर, पंखे, शेगड्या, खेळणी विकणाऱ्यांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी, कारण बिनबिलाचा स्वस्त माल याच वस्तूंत सर्वाधिक फिरतो.

कामगाराच्या बाबतीत तर नोंद टाळण्याचे परिणाम दोन घरांना भोगावे लागतात. पॉवर प्रेसवर बोटे जाणे हा आपल्या औद्योगिक पट्ट्यांतला जुना आणि दुखरा विषय आहे. दहापेक्षा कमी कामगारांच्या वर्कशॉपला बहुधा ईएसआयसी लागू नसते. अशा ठिकाणी कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकालाच खिशातून द्यावी लागते. १९२३ च्या कायद्याने घातलेले हे बंधन नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. त्यासाठी विमा मिळतो आणि तो फार महागही नसतो. पण प्रत्यक्षात नऊ माणसे राबत असताना हजेरीपटावर आणि पॉलिसीत चारच दाखवलेली असतात. बोट जाते ते पाचव्याचे. त्याच्यासाठी विमा नाही, आणि तो आपला कामगारच नव्हता असे म्हणण्यावाचून मालकापुढे दुसरा मार्ग राहत नाही. बरीच वर्षे बरोबर काम केलेल्या माणसाबद्दल असे म्हणावे लागणे ही पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठी हानी आहे. जबाबदारी आणि संरक्षण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत हे इथे सर्वांत उघडपणे दिसते. पाचव्या माणसाचे नाव हजेरीपटावर असते, तर त्याचेही घर सावरले असते आणि मालकाचेही.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. जो नोंदीत येतो तोच सापडतो, बाकीचे सुटतात, मग प्रामाणिकपणे लिहून अधिकाऱ्याच्या हातात कोलीत कशाला द्यायचे? जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात जे घडले त्याने ही भावना आणखी पक्की झाली. यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून तिथल्या व्यापारी कर खात्याने हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. त्यांत भाजी आणि दूध विकणारेही होते, ज्यांच्या मालावर करच नाही. बेंगळुरूतल्या अनेक दुकानांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ असे फलक लावले. पुढे सरकारने नरमाईची भूमिका घेतली. या प्रकरणात खात्याने विचार न करता नोटिसा काढल्या, हे म्हणायलाच हवे. पण विक्रेत्यांची अडचण नेमकी कुठे होती हे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. नोंद तर आधीच झालेली होती, बँकेच्या सर्व्हरवर, प्रत्येक रुपयाची. नव्हती ती विक्रेत्याच्या बाजूची नोंद. जमा झालेल्या रकमेत विक्री किती, मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे किती, करमुक्त भाजी किती आणि करपात्र माल किती, हे सांगणारी साधी वही असती तर त्या नोटिशीला एका पानात उत्तर देता आले असते. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत खात्यात आल्याने दुकानदाराचे पूर्ण खाते गोठवले जाते, तेव्हाही हेच होते. ज्या दिवशी ती रक्कम आली त्या दिवशीचे बिल, वस्तूचा क्रमांक आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर दाखवता आला तर बँकेशी आणि सायबर पोलिसांशी बोलायला जागा मिळते. आपण लिहिले नाही म्हणून लिहिले जात नाही, असे दिवस आता राहिलेले नाहीत.

वेळ आणि खर्चाची हरकत मला तुलनेने हलकी वाटते. रोज दुकान बंद करताना अर्धा तास, एक साधे बिलिंग सॉफ्टवेअर किंवा जाड वही, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष मालाशी पडताळणी आणि सगळ्या बिलांचे फोटो दुकानाबाहेरच्या एखाद्या ठिकाणी, एवढ्यात बहुतेकांचे भागते. जास्त काळजी वाटते ती सगळे सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या गळ्यात टाकण्याच्या सवयीची. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलाचा, ईमेल त्याचाच, पासवर्ड त्यालाच ठाऊक, अशी असंख्य दुकाने आहेत. नोटीस पोर्टलवर येते, ती पाहिली जात नाही, उत्तर जात नाही आणि एकतर्फी आदेश निघतो. त्यावर अपील करायला तीन महिने मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी एक. तो काळ उलटल्यावर खाते गोठवले गेले की मालकाला पहिल्यांदा कळते. सल्लागार प्रामाणिक असला तरी जबाबदारी कायद्याने मालकाचीच असते. तेव्हा मोबाइल आणि ईमेल आपला असावा, डिजिटल सही आपल्या कपाटात असावी, आणि दर आठवड्याला एकदा पोर्टल स्वतः उघडून पाहावे.

एकट्या व्यावसायिकाने हे सारे केले तरी गिऱ्हाईक जाण्याची भीती पूर्ण जात नाही, हे मी मान्य केलेच आहे. ती कमी करण्याचे काम औद्योगिक वसाहतींतल्या संघटनांनी आणि गावोगावच्या व्यापारी महासंघांनी हाती घ्यावे. उद्घाटने, सत्कार आणि वीजदराची निवेदने यांत त्यांची शक्ती खर्च होते. प्रत्येक संघटनेने सभासदांकडून ४५ दिवसांवरच्या थकबाकीची यादी दर तिमाहीला घ्यावी आणि एका खरेदीदाराकडे अनेक सभासदांचे पैसे अडकले असतील, तर संघटनेच्या लेटरहेडवर एकत्रित स्मरणपत्र पाठवावे, त्यात कुणा एकाचे नाव न घालता. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिले वटवण्याच्या ट्रेड्स व्यासपीठावर नोंदणी करणे केंद्राने सक्तीचे केले आहे. आपल्या भागातल्या कोणत्या कंपन्या तिथे नुसते नाव नोंदवून बसल्या आहेत आणि कोणत्या प्रत्यक्ष बिले मान्य करतात, हेही संघटनाच विचारू शकते. राज्य सरकारने सुविधा परिषदांना पुरेसे सदस्य आणि कर्मचारी द्यावेत आणि प्रत्येक परिषदेकडे किती प्रकरणे ९० दिवसांहून जास्त काळ पडून आहेत, तो आकडा दर महिन्याला जिल्हा उद्योग केंद्राच्या दारावर लावावा.